पाण्यात उभं राहून

वहिनी, तुझं सगळं आम्ही गोकर्णाला केलं. आईचीच आज्ञा होती. तेराव्याला आलेली माणसं अजून दाराबाहेर चपला शोधत होती, तेवढ्यात तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "नीता, तू नि दादा गोकर्णाक जावा. बाबांचा केलास तसाच तिचा करा. तुका थंयचा सगळा म्हायत आसा." मला तिथलं काय माहीत आहे ते फक्त तुला माहीत होतं. मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी परत विसळत बसले. तू असतीस तर मागून येऊन माझ्या पाठीत गुद्दा घातला असतास आणि आपण दोघी नळ मोठा सोडून हसलो असतो. आता एकटीने हसायचीही चोरी आहे. लोकांना वाटेल, वहिनी गेली आणि नणंदेच्या डोक्यावर परिणाम झाला.

तुझं ते खूळ कुठून आलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुझ्या ऑफिसातल्या पोरी सुट्टीत पाठीला सॅक लावून कुठे कुठे जायच्या आणि परत आल्या की तुला फोनवर फोटो दाखवायच्या, तिथूनच असावं. एका शनिवारी तू मसाल्याच्या मिरच्या आणायला खाली लालबागला उतरलीस आणि मिरच्यांबरोबर एक भलीमोठी निळी सॅक घेऊन आलीस. दादाने विचारलं, डोंगर चढायला चाललीस की काय. तू म्हणालीस, नाही, समुद्रावर. त्यावर तो म्हणाला, चौपाटीला पिशवी पुरते. तुझ्या नवऱ्याचं विनोदाचं अंग इतकंच.

पण तू गिरगावातल्या फणसवाडीची. चौपाटी तुझ्या अंगणात, आणि तरी समुद्र तुला गुडघ्यापर्यंतच ठाऊक. त्याच्या वर पाणी गेलं की तुझे वडील काठावरून हाक मारायचे. विसर्जनाला भाऊ, चुलतभाऊ गणपती घेऊन छातीभर पाण्यात जायचे आणि तुम्ही मुली आरतीचं ताट धरून वाळूत उभ्या. हे तू मला किती वेळा सांगितलं असशील. मी म्हटलं, शिवाजी पार्कला बायकांचे पोहण्याचे क्लास असतात, तिथे जा. तर म्हणालीस, टाकीतलं पाणी कुठे जात नाही की येत नाही, मला अंगावर येणारं पाणी पाहिजे. "जन्मभर काठाकाठाने फिरले गं नीते. आता एकदा आत जाऊन बघायचंय." पंचेचाळिशी उलटलेली बाई, गुडघ्यांना तेल लावून झोपणारी, आणि तिला लाटेवर फळी टाकून उभं राहायला शिकायचं होतं. बरोबर कोण? तर मी. माझं लग्न झालेलं नाही म्हणजे मी रिकामीच असते, असं या घरात सगळेच धरून चालतात. तूही त्यातलीच.

चूक केलीस ती जेवताना. ताटावर बसून सहज म्हणालीस, आम्ही दोघी गोकर्णाला जाऊन येतो. तुझ्या ऑफिसातल्या पोरींसाठी गोकर्ण म्हणजे समुद्र, वाळूतल्या झोपड्या, पॅनकेक. पण आपल्यासारख्या कोकणातल्या घरात गोकर्णाला जातो म्हणणाऱ्याला कोणी मजा करा म्हणत नाही. तिथे माणूस गेलेल्यांचं करायला जातो. आईचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले तिचे. बाबा जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि ते रोज तिच्या स्वप्नात येत होते, काही न बोलता उभे राहत होते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मुलगा करत नाही तर सून करते आहे, असं म्हणून तिने तुझ्या पाठीवरून हात फिरवला. दादा खाली मान घालून आमटी ओरपत राहिला. त्याला रजा नव्हती. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. त्याच क्षणी बोलायला हवं होतं, पण म्हाताऱ्या बाईचा तो चेहरा बघून कोण बोलणार?

मग आईने काळे तीळ, दर्भाची जुडी आणि लहानसं तांब्याचं ताम्हन जुन्या पंच्यात बांधून दिलं. थंयचे भटजी सगळां करतले, तुम्ही फक्त नाव-गोत्र सांगा, असं चारदा बजावलं. तू ते गाठोडं सॅकमध्ये नव्या पोहण्याच्या कपड्यांच्या वर ठेवलंस. दादाला खरं सांगूया असं मी म्हणाले, तर म्हणालीस, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि आपल्याकडे तर अख्खी पुडी आहे.

त्या हॉस्टेलमध्ये आपल्याएवढं कोणीच नव्हतं. एकावर एक पलंग, वर चढताना तुझ्या गुडघ्याचा कट्‌ असा आवाज यायचा आणि खालच्या पलंगावरची पोरगी दचकून विचारायची, आंटी, यू ओके? सॅकमध्ये पाण्याची बाटली सांडली म्हणून तू दर्भ बाहेरच्या कठड्यावर वाळत टाकलेस. एक लांब केसांचा, गांजाच्या वासाचा मुलगा बराच वेळ त्या गवताकडे बघत होता. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, "आंटी, ये इधर का है या मनाली का?" तू गंभीरपणे सांगितलंस, "सासरे का है, बेटा." तो इतक्या आदराने मागे सरकला की मला तोंडात ओढणी कोंबावी लागली. वहिनी, त्या चार दिवसांत मी जेवढी हसले तेवढी नंतर कधी हसले नाही. हे तुला सांगितलं होतं का? बहुतेक नाही.

आपला मास्तर मंजू. तिथल्याच कोळ्यांचा मुलगा, उन्हाने रापलेला, फार न बोलणारा. त्याने पहिल्या दिवशी वाळूतच फळी ठेवून शिकवलं. पालथं झोपायचं, हात छातीशी, एका झटक्यात उठायचं, पाय आडवे, गुडघे वाकलेले, नजर समोर. खाली बघितलं की पडायचं. वाळूत आपण दोघी छान उठत होतो. मग फळीची दोरी पायाला बांधून पाण्यात नेलं. आणि तू काय केलंस? गिरगावातली बाई समुद्रात पाय घालायच्या आधी जे करते तेच. फळी सोडून वाकलीस, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलंस, नमस्कार केलास. तेवढ्यात लाट आली, तुझीच फळी उलटी येऊन तुझ्या पोटात बसली आणि तू आडवी. मंजू धावत आला. "आंटी, नमस्ते किनारे पे करने का. इधर हाथ बोर्ड पे." दुसऱ्या दिवशीही तू पाण्यात शिरताच वाकलीस. तिसऱ्याही. सवय जाईना. तुझ्या पोटावर निळा डाग पडला होता तो तू मला कौतुकाने दाखवायचीस.

मी दोन दिवस पाणी पिण्यापलीकडे काही केलं नाही. तू मात्र गुडघ्यांवर उठायला लागली होतीस. गुडघ्यांवर बसूनच किनाऱ्यापर्यंत यायचीस, देवीसमोर ओटी घेऊन बसल्यासारखी, आणि चिडायचीस. उभं राहायचंय, उभं राहायचंय. जेवताना तेच, झोपताना तेच.

निघायच्या आदल्या सकाळी ते झालं. आपण दोघी शेजारी शेजारी होतो. एकच लाट होती, तुझी आणि माझी. मंजूने तुझी फळी ढकलली, मग माझी. मी उठले तीच उलटी. नाकातोंडात पाणी, दोरी पायाला गुंडाळलेली, वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मंजूने येऊन मला काखेत धरून वर ओढलं. डोळ्यांतलं मीठ पुसून बघते तर तू तिकडे किनाऱ्याजवळ पाण्यात बसलेली, फळी बाजूला, दोन्ही हात वर, आणि ओरडत होतीस, "बघितलंस? नीते, बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मंजूनेही बघितलं नव्हतं, तो मला काढत होता, त्याची पाठ तुझ्याकडे होती. किनारा रिकामा होता. तू उभी राहिलीस, सरळ, हात पसरून, किनाऱ्यापर्यंत आलीस, असं तू सांगितलंस. त्यानंतर तू परत दहा वेळा प्रयत्न केलास आणि दहाही वेळा गुडघ्यांवरच आलीस.

संध्याकाळी तू आईचं गाठोडं काढलंस. भटजींकडे आपण गेलोच नव्हतो. तू कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलीस, तीळ सोडलेस, दर्भ सोडले, आणि माझ्या बाबांना सांगितलंस की आता आईंच्या स्वप्नात येऊ नका, त्यांना झोप लागत नाही. मंत्र नाही, नाव-गोत्र नाही. घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, सगळा नीट झाला मां? तू म्हणालीस, "हो आई. पाण्यात उभं राहून केलं." तुझ्या आवाजात इतका अभिमान होता की आई गहिवरली. आणि खरोखर, त्यानंतर बाबा तिच्या स्वप्नात आले नाहीत. याचं काय उत्तर आहे ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक होतं असं तू दाखवायचीस.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते आपण किती गोडीने भांडलो. तू पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना मध्येच म्हणायचीस, मी उभी राहिले होते. मी म्हणायचे, कोणी पाहिलं? तू म्हणायचीस, तुझ्या बाबांनी. मी म्हणायचे, त्यांची साक्ष चालत नाही. मग तू म्हणायचीस, ठीक आहे, परत जाऊ, तुझ्या डोळ्यांसमोर उभी राहते, तू फक्त काठावर बस आणि डोळे उघडे ठेव. दर दिवाळीनंतर आपण ठरवायचो. कधी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कधी दादाची बदली, कधी माझ्या शाळेच्या परीक्षा. सॅक कपाटावर होती, धूळ झटकून परत ठेवली जायची. तुला मूल नव्हतं, त्याबद्दल तू कधी रडली नाहीस. एवढं एकच मागत होतीस, की मी तुला उभी राहिलेली बघावं.

मग या हिवाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं. पुढचं तुला माहीत आहे, आणि जे तुला माहीत नाही ते मी सांगणार नाही.

परळच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशननंतर दोन नर्स तुला उठवायला आल्या. तुला उभं करायचं होतं, दोन पावलं तरी चालवायचं होतं. तू वॉकर धरलास. गाऊन पाठीवर उघडा पडला होता, तो मी मागून धरला होता. तू उभी राहिलीस आणि मान वळवून मला म्हणालीस, "आता तरी बघ गं. आहे की नाही उभी?" मी म्हटलं, लाट कुठाय? त्या दोघींना काही कळलं नाही. तू हसलीस, हसताना टाके दुखले, आणि तू खाली बसलीस. त्यानंतर तू उठली नाहीस. मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता रोज सुचतं. नवनवीन सुचतं. काही उपयोग नाही.

गोकर्णाला मी आणि दादा गेलो. या वेळी खरे भटजी, खरे मंत्र, नाव, गोत्र. दादाने सगळं व्यवस्थित केलं. त्याच्या डोक्यावर नुकते खुंट फुटले होते, धोतर त्याला नेसता येत नाही ते सारखं सुटत होतं, आणि ते सावरणारं कोणी नव्हतं. थोड्या अस्थी त्याने मागे ठेवल्या होत्या. म्हणाला, बाबांचं तुम्ही जिथे केलंत तिथे सोडू, तिला ती जागा आवडली होती, नेहमी बोलायची. मी त्याला घेऊन निघाले. वाटेत दोनदा सांगायचा प्रयत्न केला. शेवटी त्या किनाऱ्यावर पोचलो आणि समोर वाळूत ओळीने निळ्या-पिवळ्या फळ्या ठेवलेल्या. दादाने विचारलं, हे काय आहे?

मग मी सांगितलं. सॅक, हॉस्टेल, फळी, लाट, सगळं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. तो रागावेल असं वाटलं होतं. तो वाळूत बसला आणि म्हणाला, "मला का नाही सांगितलं? मी आलो असतो ना बघायला." खरंच, वहिनी. तो रजा काढून आला असता. काठावर पिशवी सांभाळत बसला असता आणि डोळे उघडे ठेवून बसला असता. आपण दोघींनी हा विचारच केला नाही.

मग त्याने विचारलं, खरंच उभी राहिली होती? मी हो म्हणाले. कशी, म्हणाला. हात कुठे होते, साडी नव्हती मग काय घातलं होतं, घाबरली होती का? पोहण्याच्या कपड्यांवर त्याचाच जुना टी-शर्ट घातला होता एवढं सांगता आलं. पुढचं मला येईना. मी पाण्याखाली होते, दादा, म्हटलं. मी बघितलं नाही.

तेव्हा तो उठला आणि फळ्यांपाशी बसलेल्या माणसाकडे गेला. मंजूच होता. जाडावलाय आता. मला त्याने ओळखलं नाही. दादाने फोनमधला तुझा फोटो काढून त्याच्यासमोर धरला, तो हिरव्या पैठणीतला, आता भिंतीवर लावलाय तोच. म्हणाला, ये मेरी मिसेस, आपके पास सीखी थी, लहर पे खडी हुई थी, याद है क्या? मंजूने फोटो बघितला. मग दादाच्या डोक्याकडे बघितलं, सुटलेल्या धोतराकडे, हातातल्या लाल फडक्यातल्या पुडीकडे. त्या गावात या सगळ्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. तो म्हणाला, "हां अंकल, याद है. मैंने देखा था. एकदम सीधा खड़ा हुआ था आंटी. किनारे तक."

खोटं होतं ते, वहिनी. त्याची पाठ होती तुझ्याकडे, मला काखेत धरून तो उभा होता. पण दादाचा चेहरा उजळला. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा. म्हणाला, कसं, दाखवा ना. आणि मंजूने त्याला एका फळीवर उभं केलं, वाळूतच. पाय आडवे, हात पसरलेले. घुटना मोड़ो अंकल, नीचे नहीं देखने का, सामने. दादाने ती पुडी माझ्या हातात दिली आणि तसा उभा राहिला. समुद्राकडे तोंड करून, केस नसलेला, धोतर वाऱ्याने फडफडतंय, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय. आजूबाजूची पोरं बघत होती. त्याने मला हाक मारली, "नीता, अशी उभी होती बघ ती. अगदी अशी. आहे ना?"

मी काठावर बसले होते, तू सांगितलं होतंस तशी. मी डोळे उघडे ठेवले. पापणीही लवू दिली नाही. तुझी पुडी माझ्या मांडीवर होती आणि फळीवर माझा भाऊ उभा होता.